सहलीचा खाडा

शुक्रवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला तेव्हा मी हापिसातच होतो. सोमवारी रिलीज, आणि एक बग काही केल्या सापडत नव्हता. ताईचा आवाज असा की मला वाटलं, घरी कुणाला तरी काहीतरी झालं.

"अरे, हिच्या शाळेची सहल ठरली. बारा दिवस! हिमाचल! आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी घटक चाचणी!"

"मग?"

"मग काय मग? बारा दिवसांचा अभ्यास बुडणार. गणितात नेमकं बीजगणित सुरू होतंय. तू इंजिनियर ना, काहीतरी सुचव."

आपल्याकडे इंजिनियर माणसाला पंख्याच्या रेग्युलेटरपासून बीजगणितापर्यंत सगळं येतं असा समज आहे, त्याला इलाज नाही. भाची आठवीत आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्हणे तोवर तीन पक्ष पडले होते. एक म्हणत होता सहल सुट्टीत काढा, दुसरा म्हणत होता वह्या बरोबर पाठवा, तिसरा म्हणत होता जाऊ द्या हो, आठवीच तर आहे. मी ताईला म्हटलं, बघतो. आणि शनिवारी सकाळी बग शोधायचा सोडून हेच बघत बसलो. वीकांत असाच जातो आमचा.

तर मंडळी, पहिल्यांदा आपली भाषा बघा. मराठीत तास बुडतो, क्लास बुडतो, शाळा बुडते. कर्ज आणि जहाज बुडतं तशीच. आणि न आलेल्या दिवसाला आपण म्हणतो खाडा. दूधवाल्याचा खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा, शाळेचा खाडा. खाडा म्हटलं की पैसे कापले जाणार हे ओघानंच आलं. मला वाटायचं शाळेच्या बाबतीत ही नुसती बोलण्याची पद्धत आहे. पण एकेकाळी शाळेतल्या पोरांच्या खाड्याचे खरोखर पैसे कापले जात. गोष्ट इंग्लंडची आहे, पण आपल्यापासून फार लांबची नाही.

१८६२ साली इंग्लंडच्या शिक्षण खात्याने सरकारी अनुदानाची सुधारित नियमावली लागू केली. तिच्यामागचा माणूस रॉबर्ट लो. हिशेब एकदम चोख होता. मुलांच्या सरासरी हजेरीवर डोकी मोजून चार शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरच्या मुलाने वर्षात २०० हून जास्त हजेऱ्या भरल्या असतील तर त्याची वाचन, लेखन आणि अंकगणित अशा तीन विषयांत परीक्षा, आणि त्याचे आठ शिलिंग. प्रत्येक नापास विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स वजा. तीन विषयांत नापास म्हणजे आठही शिलिंग गेले. (करून बघा, एका शिलिंगाचे बारा पेन्स.) याला नाव होतं निकालानुसार पैसे. आमच्या कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनाचे खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

आता स्वतःला त्या शाळेच्या मास्तरांच्या जागी ठेवून बघा. बाहेर सुंदर ऊन पडलंय, शेजारच्या टेकडीवर शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, पोरांना घेऊन जावंसं वाटतंय. पण हजेरीपटाला टेकडी माहीत नाही. पोरगं वर्गात नाही म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे शाळेच्या तिजोरीला भोक. कोण जाईल? तीस-पस्तीस वर्षं ही पद्धत चालली आणि त्या काळात 'शाळेत असणं' म्हणजे 'बाकावर असणं' हे समीकरण पक्कं बसलं. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाला हाच निकालाचा नियम लावला होता, आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्याची बरीच उलटतपासणी झाली. म्हणजे ताईच्या पोटात उठलेला गोळा वाटतो तितका आजचा नाही.

त्याच नियमावलीने मुख्याध्यापकांना आणखी एक काम लावलं होतं: लॉगबुक लिहायचं. आम्ही संगणकवाले लॉगला फार मानतो, कारण माणूस सारवासारव करतो, लॉग करत नाही. त्या काळच्या इंग्लिश शाळांच्या लॉगबुकांत मुलं का आली नाहीत याची कारणं परत परत सापडतात. सुगी. बटाटे काढणी. जत्रा. लंडनच्या पूर्व भागातली गरीब कुटुंबं तर दर सप्टेंबरला पोराबाळांसकट केंट परगण्यात हॉप्स तोडायला जायची. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुलं. आठवडेच्या आठवडे मुक्काम शेतावरच्या झोपड्यांत. शहरातल्या पोरांना तीच मोकळी हवा आणि तीच मिळकत.

वाचताना मला थांबावं लागलं, कारण हे चित्र ओळखीचं आहे. बीड आणि नगरकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्या-ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्यातच परततात. पोरांची पाच-सहा महिने शाळा बुडते. त्यांच्यासाठी फडाजवळ साखरशाळा काढून झाल्या, गावातच मागे राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं काढून झाली. म्हणजे 'लांबच्या प्रवासात शाळेचं काय करायचं' हा प्रश्न सहलीच्याही आधी पोटासाठी निघालेल्यांचा आहे. बारा दिवसांवरून आपण ग्रुपवर भांडतो, तिथे अर्धं वर्ष जातं. असो. मुद्द्यावर येतो.

*

हजेरीपटाची ही गाठ सोडवायला झटलेला एक माणूस मला फार आवडला. मँचेस्टरचा टॉमस हॉर्सफॉल. घरचा सुखवस्तू, पण त्याला एकाच गोष्टीची टोचणी होती, की गिरणीच्या धुरात वाढणाऱ्या पोरांनी फूल, पक्षी, चित्र काही बघितलेलंच नसतं. मग त्यांना पुस्तकातले ते शब्द शिकवून काय उपयोग? १८८६ साली त्याने अँकोट्स या गिरणी वस्तीत कला संग्रहालय उभं केलं. तिथली चित्रं शाळांना फिरत्या पद्धतीने उसनी दिली. पण पोरांना शाळेच्या वेळात संग्रहालयात आणायचं तर पुन्हा तीच अडचण, खाडा. त्याने खात्याच्या मागे लागून लागून नियम बदलून घेतला. १८९५ च्या नियमावलीत संग्रहालयाची भेट ही शाळेची हजेरी म्हणून धरायची मुभा आली. निकालानुसार पैसे ही पद्धतही तेव्हा शेवटचे आचके देत होती. १८९७ पर्यंत ती संपली.

एवढ्याशा दुरुस्तीने काय झालं? पोरं तीच, मास्तर तेच, संग्रहालय तेच. फक्त हजेरीपटातली खूण बदलली. पण त्या खुणेमुळे बाहेर जाणं हे शाळा बुडवणं उरलं नाही. ते शाळेचंच काम झालं. १९११ पर्यंत तर लंडनमध्ये शालेय सहलींसाठी वेगळी संघटना स्थापन झाली होती. आठवडा-दोन आठवडे पोरांना समुद्राकाठी नाहीतर डोंगरात न्यायचं आणि तिथला भूगोल, वनस्पती, दगड बघायचे असा तो प्रकार होता.

त्या खुणेचं आजचं रूप बघा. इंग्लंडच्या शाळांच्या हजेरीपटात शैक्षणिक सहलीला व्ही हे अक्षर मांडतात आणि तो दिवस उपस्थितीत धरतात. घरच्यांनी परवानगीशिवाय फिरायला नेलं की जी, म्हणजे अनधिकृत गैरहजेरी, आणि वर दंड. २०१५ मध्ये एका बापाने मुलीला शाळेच्या दिवसांत आठवडाभर फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड दाखवायला नेलं. दंड भरायला नकार दिला, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१७ मध्ये तो हरला. २०२४ पासून हा दंड प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे, तोही लवकर भरला तर. गंमत अशी की वर्गातला तास दोन्ही पोरांचा तितकाच बुडतो. बीजगणिताला व्ही आणि जी मधला फरक कळत नाही.

आणि इथेच हॉर्सफॉलचा उपाय संपतो. हजेरीपट समजूतदार झाला, पण वही कोरी ती कोरीच.

*

एका दिवसाची सहल असते तोवर कोऱ्या वहीचं फारसं कुणाला वाटत नाही. मुक्काम वाढला की प्रश्न सुरू. मुक्काम कुणामुळे वाढला म्हणाल, तर एका वादळामुळे. २६ ऑगस्ट १९०९. जर्मनीतल्या आल्टेना गावचे शिक्षक रिशार्ड शिरमान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आखेनच्या दिशेने आठ दिवसांच्या पायी सहलीला निघालेले. वाटेत गडगडाटी पाऊस. रात्र कुठे काढायची? एका खेड्यातली शाळा उघडून मिळाली, जमिनीवर पेंढा पसरला, पोरं ढाराढूर झोपली. मास्तर जागे. त्यांच्या डोक्यात आलं, सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्या पडतात, त्या अशा फिरत्या पोरांना का देऊ नयेत? १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. आज आपण मनालीला ज्या युथ हॉस्टेलच्या ट्रेकला जातो त्याचं मूळ हे.

आता झोपायची सोय झाली, म्हणजे सहल लांब झाली, म्हणजे बुडणारे तास वाढले. मग कुणीतरी अख्खी शाळाच बरोबर न्यायची ठरवली. जहाजावर.

ही गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, आणि तिच्यात आपलं एक गाव येतं हे तर त्याहून नव्हतं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, थोडक्यात बीआय, ही कंपनी १८५६ साली कलकत्ता ते रंगून टपाल न्यायला सुरू झाली. पुढे तिची जहाजं हिंदुस्थानात गोरे सैनिक ने-आण करायचं काम करू लागली. ते काम हिवाळ्यातलं, कारण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून माणसांनी ठासलेलं जहाज आणणं म्हणजे हाल. मग उन्हाळ्यात ही जहाजं रिकामी. १९३२ मध्ये अशा रिकाम्या जहाजावर शाळकरी मुलांची पहिली सफर निघाली. सैनिक झोपायचे त्याच झुल्यांत पोरं झोपली. दुसऱ्या महायुद्धाने ते सगळं थांबवलं.

युद्धानंतर सैनिक विमानाने जाऊ लागले आणि बीआयच्या जहाजांचं पोट जायची वेळ आली. तेव्हा कंपनीला जुनी सफर आठवली. १९६१ मध्ये 'डुनेरा' नावाचं सैनिकी जहाज कायमची तरंगती शाळा म्हणून निघालं. मागोमाग 'डेव्होनिया'. १९६५ मध्ये 'नेवासा', १९६८ मध्ये 'युगांडा'. नेवासा म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं, प्रवरेकाठचं नेवासं. बीआयच्या जहाजांना हिंदुस्थानातल्या नि आजूबाजूच्या गावांची आकारान्त नावं द्यायची पद्धत होती, त्यात या गावाचा नंबर लागला. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाच्या नावाचं जहाज हजारावर ब्रिटिश पोरं घेऊन भूमध्य समुद्रात फिरत होतं, हे वाचून मी खुर्चीतच नमस्कार केला.

या सफरी साधारण दोन आठवड्यांच्या आणि आता नुसत्या सुट्टीतल्या नाहीत, ऐन सत्रातल्याही. म्हणजे ताईचाच प्रश्न, हजारपट. त्यांनी काय केलं? जहाजावर वर्गखोल्या बांधल्या, सभागृह आणि वाचनालय केलं, शिक्षणाचं काम बघणारा स्वतंत्र माणूस नेमला. प्रत्येक शाळेचे शिक्षक आपापल्या तुकडीबरोबर. समुद्रात असण्याच्या दिवशी वेळापत्रक घंटेवर चालायचं: एक तास आपल्या शिक्षकांबरोबर वर्गात, एक व्याख्यान सभागृहात, एक तास डेकवर खेळ, एक तास स्वतःची रोजनिशी लिहायला. बंदर आलं की उतरायचं.

मी आधी समजलो होतो की घरी बुडणारा धडाच ते जहाजावर घेत असतील. तसं नव्हतं. व्याख्यान असायचं पुढच्या बंदराचं. उद्या पिरियसला उतरून अथेन्स बघायचं तर आज अथेन्स. सफरीवर निघण्याआधी शाळेत तयारी, नकाशे. जहाजावर रोज लिहायचं. परत आल्यावर त्यावर काम. म्हणजे घरचा अभ्यासक्रम ओढत न्यायचा नाही. समोर येतंय त्याचाच अभ्यास करायचा, पण रोज करायचा आणि लिहून करायचा. घरी राहिलेलं बीजगणित आल्यावरच भरून काढावं लागे. त्याला पर्याय त्यांच्याकडेही नव्हता.

या तरंगत्या शाळेच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे तिचा शेवट. तेलाचे भाव भडकल्यावर १९७५ मध्ये नेवासा भंगारात गेली. युगांडा चालू राहिली. एप्रिल १९८२ मध्ये ती नऊशेहून जास्त मुलं घेऊन भूमध्य समुद्रात असताना फॉकलंडचं युद्ध उभं राहिलं आणि ब्रिटिश सरकारने जहाज ताब्यात घेतलं. पोरांना नेपल्सला उतरवून घरी पाठवलं. जिब्राल्टरला तीन दिवसांत तिची रुग्णालय-नौका केली. पोरं झोपायची त्या दालनांत जखमी सैनिक आले. सैनिक नेण्यात हयात घालवलेल्या कंपनीच्या शेवटच्या शाळेला पुन्हा सैनिकांनीच उठवलं. युद्धानंतर थोडे महिने सफरी झाल्या, मग त्याही बंद.

दुसरी गोष्ट जहाजाच्या रचनेची. वरच्या केबिनमध्ये तीनेकशे मोठी माणसं, पूर्ण भाडं भरून. खाली दालनांत मुलं. आणि त्यांना वाढणारे, कपबशा धुणारे, डेक घासणारे बरेचसे आपल्याकडचे, गोव्याचे तर पुष्कळ. त्यांची स्वतःची पोरं त्या वेळी गोव्यातल्या कुठल्या तरी शाळेत बसलेली असणार, बाप महिनोन् महिने समुद्रावर. आणि इंग्लंडमधल्या एकेका शाळेतूनही एक तुकडीच जायची, अख्खी शाळा नव्हे. बाकीच्यांचं त्या दोन आठवड्यांत काय व्हायचं?

हा प्रश्न मला पडायचं कारण सांगतो. मी त्या बाकीच्यांतला आहे.

*

मी नववीत होतो. जिल्ह्याच्या गावची शाळा. सहल ठरली, आठ दिवस, विजापूर-बदामी-हंपी-म्हैसूर, एस्टीच्या लाल डब्याने. वर्गणी साडेसहाशे. त्याच महिन्यात आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी घरी विचारलंच नाही. शाळेत सांगितलं, मला गाडी लागते.

वर्गात आम्ही चौपन्न, मागे राहिलो सतरा. आम्हाला ब तुकडीतल्या उरलेल्यांबरोबर एका खोलीत बसवलं. वरून सूचना आलेली: नवीन धडा घ्यायचा नाही, गेलेल्या मुलांचं नुकसान होईल. आमच्या धंद्यात याला कोड फ्रीज म्हणतात. काही जण दुसऱ्या फांदीवर काम करायला गेलेत, म्हणून मुख्य फांदी गोठवून ठेवायची, म्हणजे परत जोडताना भांडण नको. कल्पना वाईट नाही. फक्त गोठलेल्या फांदीवर सतरा पोरं बसली होती याचा विचार कुणी केला नव्हता. आठ दिवस आम्ही शुद्धलेखन लिहिलं, मैदानातलं गवत उपटलं आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या पुसल्या. मग सहल परत आली आणि राहिलेला भाग उरकायला रविवारचे जादा तास सुरू झाले, सगळ्यांना, आम्हालाही.

आता सांगा, अभ्यास कुणाचा बुडला? त्यांच्याकडे हंपी होती. आमच्याकडे गवत. हजेरीपटावर मात्र सगळे हजर. ते सहलीला म्हणून हजर, आम्ही वर्गात म्हणून हजर.

खरी कमाल पुढे झाली. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात निबंध आला, 'आमची सहल'. पर्याय होता 'वृक्षांचे महत्त्व', पण मी हट्टाने सहल घेतली. मित्राकडून सगळं ऐकलेलं होतं. गोलघुमटात हाक मारली, बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या चढलो, हंपीला तो दगडी रथ बघितला. रथाशी आल्यावर मी वाहवलो. लिहिलं की आम्ही सर्वांनी मिळून जोर लावला आणि ती दगडाची चाकं गरगर फिरवली. पेपर तपासणारे सर स्वतः सहलीला गेले होते आणि मी गेलो नव्हतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. मार्क चांगले दिले. समासात लाल शाईने तीनच शब्द होते: चाकं फिरत नाहीत.

सरांवर माझा राग नाही. त्यांनी निबंध खोटा म्हणून कापला नाही, हे मला आज कळतं. पण त्या आठ दिवसांत आम्हा सतरा जणांना जवळच्या नदीवर जरी नेलं असतं, साधी अंतरं मोजायला लावली असती, गावच्या वेशीवरचा शिलालेख उतरवून आणायला लावला असता, तरी मला निबंध लिहायला माझं काहीतरी असतं.

*

रविवारी संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ताईला आधी सांगितलं की बीजगणित बुडेल, ते गोड मानून घे. जहाजावर वर्ग बांधणाऱ्यांनाही ते टाळता आलं नाही. निघायच्या आधी दोन संध्याकाळी मी येऊन पहिल्या दोन संकल्पना सांगतो, म्हणजे परत आल्यावर वहीतली पानं अनोळखी वाटणार नाहीत. वह्या बरोबर द्यायच्या नाहीत. रोजनिशी द्यायची, रोज एक पान, फोटो काढण्याआधी लिहायचं. आणि घटक चाचणी चार दिवस पुढे ढकला असं सगळ्या पालकांनी मिळून बाईंना सांगायचं, एकेकट्याने नाही. कायद्याचीही आडकाठी नाही म्हटलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला वर्षाकाठी २२० दिवस मागतो, पण २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण त्याच वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना काढायला सांगतं. म्हणजे हॉर्सफॉलची खूण आपल्याही कागदावर आलेली आहे.

ताई म्हणाली, "एवढंच? यासाठी दोन दिवस घालवलेस?"

मग मी भाचीला विचारलं, "वर्गातले किती जण जात नाहीयेत?"

ती जरा गप्प झाली. "मामा, बेचाळीसपैकी तेरा. माझ्या शेजारी बसते ना, ती पण नाही येत. तिला थंडी सोसत नाही."

मला गाडी लागायची, तिच्या मैत्रिणीला थंडी सोसत नाही. मी काही बोललो नाही.

ताईने सोमवारी बाईंना फोन केला, तेरा जणांचं काय ठरलंय म्हणून. बाई चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या, रिव्हिजन घेऊ, नवीन काही नको, जाणाऱ्यांचं नुकसान होईल. शब्द न् शब्द तोच. ताईने पुन्हा फोन केला. आता बाई म्हणतायत विचार करून सांगते. तेवढ्यात मी माझ्याकडून एका पानावर, पुण्यातच बारा दिवसांत तेरा पोरांना करता येईल अशा गोष्टींची यादी करून पाठवलीय. मुठेची रुंदी पुलावरून कशी मोजायची, इथपासून सुरुवात आहे.

भाचीने मात्र कुणाला न विचारता आपलं आपण एक केलं. मैत्रीण वर्गात होईल ते सगळं लिहून ठेवणार. त्याच्या बदल्यात तिने भाचीला एक कागद दिलाय, तिकडून शोधून आणायच्या प्रश्नांचा. भाचीने तो मला दाखवला. सफरचंदाच्या झाडाला थंडीत पानं असतात का. बियासचं पाणी हात घातल्यावर किती आकडे मोजेपर्यंत सोसतं. पाच-सहा प्रश्न होते. शेवटचा असा: तिथून रात्री जे तारे दिसतील ते मोजून आण, मी त्याच वेळी गच्चीवरून इथले मोजते.

सहल येत्या बुधवारी निघतेय. माझा बग अजून सापडलेला नाही, पण तो शोधायला आता हापिसात जावं लागेल. पुढच्या वीकांताला भेटू.